दुपारची तुकडी

मुक्कामाची एसटी पहाटे निघते हे तुम्हा गाववाल्यांना मी काय सांगणार. त्या दिवशी ड्रायव्हर अजून चूळ भरत होता आणि आम्ही सामान लावून बसलेलो. माझ्या नवऱ्याच्या, संदीपच्या मांडीवर मिक्सरचा खोका, माझ्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं शिलाई मशीन, आणि आमची चार वर्षांची ऋतू खिडकीच्या गजाला नाक लावून. बाबा, म्हणजे माझे सासरे, खाली उभे होते. सासूबाई स्टॉपपर्यंत आल्याच नाहीत, पडवीतूनच आत वळल्या. माझं माहेर वरच्या वाडीत, सासर खालच्या वाडीत, त्यामुळे त्या एका गाडीत बसून मी दोन्ही एकदम सोडत होते. बाबांनी गजातून हात घालून ऋतूच्या डोक्यावर ठेवला आणि मला म्हणाले, "घर कसलंही बघ. शाळा चांगली बघ."

बास, एवढंच. गाडी सुटली तेव्हा ते वळून चालायलाही लागले होते. मला राग आलेला त्यांचा. आता वाटतं, थांबले असते तर मीच उतरले असते.

आम्ही का निघालो ते तुम्हाला माहीत आहे, पण लोकांना वाटतं पैशासाठी. नाही. संदीपचं वायरमनचं काम तालुक्याला बरं चाललं होतं. वाडीतली शाळा बंद झाली म्हणून निघालो. पट कमी, म्हणून शाळा बंद. ज्या शाळेच्या चिऱ्याच्या भिंती बाबांनी आणि तुमच्याच वडीलधाऱ्यांनी श्रमदानाने उभ्या केल्या, ती एका कागदावर बंद झाली आणि उरलेल्या पोरांना ओढ्यापलीकडच्या शाळेत जायला सांगितलं. पावसाळ्यात ओढा कसा असतो ते कागद काढणाऱ्याने पाहिलं नव्हतं. मग ज्यांना जमलं ते पुण्याला गेले, मुंबईला गेले. आम्ही ठाण्याला आलो.

खोपटच्या स्टँडवर उतरलो ती सकाळ मला अजून आठवते. ऋतूने विचारलं, "आई, एवढ्या एसट्या कुणाच्या?" संदीप म्हणाला, "आपल्याच." तो खुशीत होता. लिफ्टच्या मेंटेनन्सचं काम त्याला मिळालेलं. स्टँडपासून जवळच चाळीत खोली घेतली, एवढीशी. मी दारात पाटी लावली: फॉल, पिको, ब्लाउज शिवून मिळतील. पहिल्या नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जाणाऱ्या बायकांनी नऊ दिवसांच्या नऊ रंगांचे ब्लाउज शिवून घेतले आणि माझा जम बसला. इथल्या बायका चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. घाई करतात, "ताई, अर्जंट आहे" हे त्यांचं पहिलं वाक्य असतं, पण माणुसकी आहे.

आणि मग ऋतूचा नंबर लागला. खाजगी शाळांना आरटीई कायद्याने पंचवीस टक्के जागा आपल्यासारख्यांच्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात, फी सरकार भरतं, सोडत निघते. आमचं नाव सोडतीत आलं. इंग्लिश मिडियम, काचेची बिल्डिंग, गेटवर युनिफॉर्मवाला वॉचमन. बाबांनी गावात पेढे वाटले. तुमच्यातल्या कितीजणांनी मला फोन केला, "नशीब काढलंस गं." मीही तेच म्हणत होते. देवासमोर साखर ठेवली होती.

पहिल्या दिवशी कळलं की ऋतू डी तुकडीत आहे आणि डी तुकडी दुपारची आहे.

ए, बी, सी सकाळी. डी दुपारी. मी म्हटलं असेल, जागा कमी असेल. मग हळूहळू गेटवर उभं राहून बाकीच्या आयांशी बोलणं व्हायला लागलं. रिक्षावाल्याची बायको, धुणीभांडी करणारी, वॉचमनची, मी फॉल-पिकोवाली. हिचीही सोडतीतली, तिचीही सोडतीतली. सगळ्या तुकडीत फी भरणारं एक पोर नव्हतं. आमची मुलं आत जायची तेव्हा सकाळच्या मुलांच्या बसेस निघून गेलेल्या असायच्या. कॉम्प्युटर लॅबला कुलूप, कारण सर दुपारी नसतात. लायब्ररी बंद, कारण मॅडम दुपारी नसतात. युनिफॉर्म तोच, टाय तोच, बिल्डिंग तीच. फक्त आतलं सगळं घरी गेलेलं.

संदीपला सांगितलं तर म्हणाला, "पुस्तकं तीच आहेत ना?" डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या नणंदेला, ज्योतीला सांगितलं, तर तिचं वेगळंच. म्हणाली, "वहिनी, तुमची निदान सगळी एकत्र तरी बसतात. आमच्या सोहमला सकाळच्याच वर्गात घेतलंय, पण बाई हाक मारतात ती 'ए आरटीई' अशी. तो घरी येऊन विचारतो, माझं नाव बदललं का." आणि लगेच पुढे, "पण तुम्ही उगाच काही बोलायला जाऊ नका हं." हे मला सगळेजण सांगतात. बोलू नका. मिळालंय ना, मग गप्प बसा. डोक्यात जातं माझ्या. मुलांना एकत्रच बसवायचं असं कायद्यातच आहे हे मला पुढे कळलं, तोवर ऋतू दुसरी संपवून तिसरीत गेलेली.

तिसरीच्या वर्षी गॅदरिंग आलं.

आता तुम्ही आठवा आपल्या वाडीतलं गॅदरिंग. देवळासमोर मांडव, बाईंनी घरून आणलेल्या साड्यांचे पडदे. आपल्याकडे मुलं कमी पडायची. मी स्वतः एका संध्याकाळी मावळा झाले, मग मिशी पुसून कोळीण झाले, आणि शेवटी झाड. कपडे बदलायला वेळ नाही म्हणून लुगड्यावरच फांद्या बांधल्या आणि लोक हसून हसून लोळले. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हा प्रश्नच आपल्याला माहीत नव्हता. ज्याला चालता येतं तो स्टेजवर. शेवंतीचा मुका भाऊसुद्धा दरवर्षी असायचा आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडायच्या.

इथल्या शाळेच्या डान्सच्या मिस माझं गिऱ्हाईक. ब्लाउजच्या बाबतीत फार चिकित्सक, पण बोलायला गोड. एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "ताई, मोठी ऑर्डर आहे. गॅदरिंगची थीम आहे 'आपलं गाव'. तिसरीच्या मुलींना शिवलेल्या नऊवाऱ्या हव्यात, हिरव्या, लाल काठाच्या. तुम्ही कोकणातल्या ना, तुम्हाला बरोबर कळेल." मी खूश. तिसरीच्या मुली म्हटल्यावर माझीही आलीच ना त्यात. मी म्हटलं, "मिस, माझी ऋतूपण तिसरीतच आहे, तुमच्याच शाळेत." मिसचा चेहरा उजळला. "अय्या हो? कुठली डिव्हिजन?" मी सांगितलं. मग त्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. म्हणाल्या, "अच्छा. डीला आयटम नाहीये ना पण."

ऑर्डर मी घेतली. का घेतली असं विचाराल तर भाडं भरायचं होतं, दुसरं काय. आणि खरं सांगू, मनात होतं की आपण शाळेशी जोडलेलो राहिलो तर बोलायला तोंड राहील.

शिवताना उंची बघायला अंगावर चढवून बघावं लागतं. घरात तेवढ्या वयाची एकच मुलगी. प्रत्येक नऊवारी ऋतूने घालून बघितली. काष्टा नीट बसतो का, पायात येत नाही ना, वाकली तर उसवत नाही ना. ती प्रत्येक वेळी नाचून दाखवायची. सगळ्या स्टेप्स पाठ. दुपारी डीची मुलं गेटबाहेर उभी असायची तेव्हा सकाळच्या मुलींची प्रॅक्टिस ग्राउंडवर संपत आलेली असायची, ते जाळीतून बघून बघून तिला आलेलं. मी तोंडात टाचण्या धरून बसायचे, म्हणजे बोलावं लागत नाही. एकदा तिने विचारलं, "ही माझी आहे का?" मी नाही अशी मान हलवली. ती म्हणाली, "बरं, मग पुढची दे."

त्या "बरं"ने माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी आणि यादव भाभी मोठ्या मॅडमकडे गेलो. यादव भाभी म्हणजे ऋतूच्या वर्गातल्या अंशची आई, नवरा रिक्षा चालवतो. गेटमध्ये शिरेपर्यंत ती जोरात होती. मॅडमच्या केबिनचा एसी लागल्यावर तिने पदर डोक्यावरून घेतला तो शेवटपर्यंत तसाच.

मॅडम बोलायला फार छान. आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "अहो, दुपारची मुलं प्रॅक्टिसला थांबणार कधी? आणि कॉश्च्युमचा खर्च तुमच्यावर टाकायला आम्हालाच बरं वाटत नाही. तुमचाच विचार करतोय आम्ही." मी म्हटलं, "मॅडम, कॉश्च्युम मीच शिवतेय. आमच्या मुलांचे मी फुकट शिवून देते." त्या हसल्या. "असं पर्सनल लेव्हलवर नाही ना चालत." मी म्हटलं, मग दोघीतिघींना तरी घ्या. त्या म्हणाल्या, "मग बाकीच्यांवर अन्याय होईल." बघा, अन्याय हा शब्द त्यांनी वापरला.

बाहेर आल्यावर यादव भाभी म्हणाली, "छोडो ना ताई. नाम काट देंगे तो कहाँ जाएँगे?" नाव कापता येत नाही, मी सांगितलं. तिला पटलं नाही. तिचा दोष नाही. आपल्याला कुणी काही दिलं की ते कधीही काढून घेतील असंच आपण धरून चालतो. हक्काचं असलं तरी.

दोन दिवसांनी निरोप आला. डीच्या मुलींनी हॉलच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करायचं. परकर-पोलकं घालून यायचं, हातात गुलाबपाण्याची झारी. म्हणजे आम्ही गेलो त्याचा हा निकाल. ऋतू काय खूश झाली! घरभर तांब्या घेऊन फिरत होती, संदीपवर पाणी शिंपडत होती, "वेलकम सर, वेलकम मॅम." संदीप हसत होता. मला त्या दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटला. एवढ्याशा तुकड्यावर आपली पोरगी खूश व्हायला शिकतेय आणि ते आम्ही कौतुकाने बघतोय. मी संदीपवर ओरडले, त्याला कळेना कशावरून.

गॅदरिंग हॉलमध्ये होतं. संध्याकाळी डीच्या मुली दारात दोन रांगा करून उभ्या राहिल्या. गाड्या यायला लागल्या. ऋतू इतकी मनापासून गुलाबपाणी शिंपडत होती की एका बाईंनी नाक मुरडून साडी झटकली. प्रमुख पाहुणे आत गेले आणि शिपाई बाहेर आला. "चला, डीवाल्यांचं झालं. आता घरी जा, आत जागा नाही, पालक बसलेत." मी म्हटलं, "आम्ही कोण आहोत?" तो म्हणाला, "मला जे सांगितलंय ते सांगतो ताई." बाकीच्या मुली आयांच्या हाताला धरून निघाल्यासुद्धा. मीसुद्धा त्यांच्यामागून निघाले. पायऱ्या उतरलो आणि माझा फोन वाजला. डान्सच्या मिस. "ताई, कुठे आहात? एकीचा काष्टा उसवलाय, पुढचाच आयटम आहे, पटकन विंगेत या. आणि एकट्याच या हं, इथे गर्दी आहे."

शिवणारी म्हणून मला आत जागा होती.

मी ऋतूचा हात धरला आणि तिला घेऊन मागच्या दाराने आत गेले. मिसनी तिच्याकडे पाहिलं, पण त्यांना घाई होती. विंगेत ती मुलगी रडवेली उभी होती. गोड पोर, गालावर लाली, नाकात नथ. मी गुडघ्यावर बसून टाके घालायला लागले. ऋतू टाचण्यांची डबी धरून उभी. तिच्या अंगावर परकर-पोलकं, युनिफॉर्म नाही, म्हणून त्या मुलीने तिला विचारलं, "तू कुठल्या स्कूलमध्ये आहेस?"

ऋतू म्हणाली, "ह्याच. थर्ड डी."

त्या मुलीने मिसकडे पाहिलं, मग परत ऋतूकडे. "आपल्या स्कूलमध्ये डी आहे?"

खवचटपणा नव्हता त्यात. तिला खरंच माहीत नव्हतं. तिसरं वर्ष चालू होतं, त्याच बाकांवर सकाळी ती बसते आणि दुपारी माझी. मी टाका ओढला आणि दोरा दातांनी तोडला, कारण कात्री सापडेना, डोळ्यांत पाणी आलेलं. मुलगी स्टेजवर पळाली. बाहेर निवेदन चाललं होतं, आपल्या गावच्या लेकी येताहेत म्हणून. पडदा उघडला, टाळ्या पडल्या. ऋतू विंगेत हात बांधून उभी राहिली. तिला सगळ्या स्टेप्स येत होत्या, तरी तिने पायसुद्धा हलवला नाही. घरी जाताना रिक्षात म्हणाली, "आई, तिला कसं माहीत नाही गं?" मी म्हटलं, लहान आहे ती. ऋतू म्हणाली, "मीपण तेवढीच आहे."

सोमवारी मी एकटी शाळेत गेले. यादव भाभीला विचारलं नाही. मॅडमना सरळ म्हटलं, गॅदरिंग राहू दे, पुढच्या वर्षी मुलं मिसळा. डीमधली ए, बी, सीमध्ये बसवा, त्यांच्यातली थोडी दुपारी आणा, चिठ्ठ्या टाका, काहीही करा. कायद्यात तसंच आहे, हेही म्हटलं. मॅडमनी मला पाणी दिलं. मग अगदी मायेने म्हणाल्या, "तुम्ही कोकणातल्या ना? जरा विचार करा, गावाला असतात तर मुलीला एवढं तरी मिळालं असतं का?"

मला एवढं उत्तर येत होतं त्याचं. मांडव, साड्यांचे पडदे, शेवंतीचा भाऊ, सगळं जिभेवर आलं. बाबांनी वाहिलेले चिरे आले. पण मला तेवढ्यात कळून चुकलं, मी गावाचं नाव काढलं की ह्या मला मनातल्या मनात एसटीत बसवणार. मग ऋतू पाहुणी आणि मी पाहुण्यांची आई. पाहुण्यांनी मागायचं नसतं, वाढलेलं खायचं असतं.

मी म्हटलं, "मी गावची नाही मॅडम. मी ठाण्याची आहे. आणि ऋतू तुमच्या शाळेची आहे."

आयुष्यात इतकं मोठं खोटं मी बोलले नव्हते, आणि बोलताना ते खोटं वाटलंही नाही. मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर चाळलं. मग "जूनमध्ये बघू" म्हणाल्या. जूनमध्ये बघू म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. जूनमध्ये मी परत त्या खुर्चीत बसणार आहे, आणि यादव भाभीलाही ओढून नेणार आहे, तिचा पदर डोक्यावर असला तरी चालेल.

तुमच्यातल्या दोघीतिघींनी विचारलंय, आम्हीपण पोरांना घेऊन येऊ का म्हणून. या. पण येताना तिथून निघालोय असं म्हणत येऊ नका, इथले आहोत असं म्हणत या. कुणी "कुठल्या तुम्ही?" विचारलं की मी आता ठाणे सांगते. रिक्षात, दवाखान्यात, दुकानात. तोंडाला सवय करतेय. गाव माझं आहे ते आहेच, ते मला कुणाकडे मागावं लागत नाही. हे मागून, भांडून, चारचौघांत लाज सोडून आपलं करावं लागतंय, म्हणून सध्या घर म्हटलं की मी ह्यालाच म्हणते.

परवा बाबांचा फोन आलेला. ऋतू नाचली का, विचारत होते. मी म्हटलं, आवाज येत नाहीये, नंतर करते. ते व्हॉट्सॲप वाचत नाहीत म्हणून हे इथे, गावच्या ग्रुपवर लिहिलं. मी गावची नाही असं म्हटलं, हे त्यांना कुणी सांगू नका.